तोलाची जोड

(कागल येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्याच गावात बोलायला उभे राहणे ही सर्वांत अवघड गोष्ट. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मला अर्ध्या चड्डीत पाहिलेले असते. त्यातून आयोजकांनी विषय दिला तो खेळाचा. आपल्या जिल्ह्यात खेळ म्हटले की कुस्ती आणि त्यापाठोपाठ फुटबॉल. ज्या गावच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन राजर्षी शाहू छत्रपती झाले, त्या गावात मी आज कुस्तीवर न बोलता धावण्याच्या एका शर्यतीवर बोलणार आहे, हे काहींना रुचणार नाही. परंतु त्या शर्यतीचा अर्थ लावण्यासाठी जो शब्द मला हवा आहे, तो मला हौद्यातूनच उचलावा लागणार आहे. म्हणून थोडा धीर धरावा, ही विनंती.

साडेसात फेऱ्या आणि पस्तीस उड्या

दिवस ६ ऑगस्ट २०२२. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा चालू होत्या. पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची लांब पल्ल्याची शर्यत. मैदानाच्या साधारण साडेसात फेऱ्या, वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ कमरेइतकी. कमी पल्ल्याच्या अडथळा शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथे अडथळा म्हणजे जाड लाकडी तुळईच. पाय लागला तर अडथळा जागचा हलत नाही, धावणारा पडतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत इथिओपियाचा लामेचा गिरमा शेवटच्या फेरीत असाच आदळला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. जागतिक विक्रम ज्याच्या नावावर, त्याची ही गत! यावरून या शर्यतीची कल्पना यावी.

ही शर्यत केनियाची मिरासदारी मानली जाते. १९६८ पासून २०१६ पर्यंत केनिया ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये उतरला, त्या प्रत्येकात या शर्यतीचे सुवर्णपदक त्याने नेले. राष्ट्रकुल स्पर्धांची कथा तर याहून विलक्षण आहे. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा स्पर्धांत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी अठराच्या अठरा पदके केनियाची. केनियाबाहेरच्या धावपटूने १९९४ साली एक कांस्यपदक घेतले होते, त्यानंतर कोणी नाही. बर्मिंगहॅमलाही केनियाचे तिघे होते. त्यातला कॉन्सेस्लस किप्रुटो हा रिओ ऑलिंपिकचा सुवर्णविजेता आणि दोन वेळचा विश्वविजेता. आमोस सेरेम हा २०२१ चा वीस वर्षांखालील विश्वविजेता. तिसरा अब्राहम किबीवॉट, मागच्या राष्ट्रकुलातील रौप्यविजेता.

या तिघांच्या मागे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश मुकुंद साबळे उभा होता. शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटरवर आणि वाहन नाही, म्हणून लहानपणापासून चालत-पळत जाणारा. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानचे वाळवंट पाहिले, सिक्कीममध्येही राहिला. सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींतून त्याचे पाय लोकांना दिसले आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. वयाच्या विशीनंतर हा खेळ शिकलेला हा गडी. बर्मिंगहॅमच्या आधी तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा अमेरिकेत युजीनच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत अकरावा आला होता आणि त्याच शर्यतीत किप्रुटोने कांस्य घेतले होते.

शर्यत सुरू झाली. वेग ठरवत होते ते केनियाचे धावपटू. अविनाशने एकच गोष्ट केली, त्यांना सोडले नाही. पुढचा वाढला की हा वाढे, पुढचा थबकला की हा थबके. उत्तरार्धात किप्रुटो मागे पडला. शेवटच्या टप्प्यात सेरेमही मागे राहिला. आता पुढे फक्त किबीवॉट. अखेरच्या सरळ पट्ट्यात अविनाश इंचाइंचाने जवळ येत होता आणि त्याच अवस्थेत अंतिम रेषा आली. किबीवॉट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक पाच शतांश सेकंदाचा. त्यांच्या सरासरी वेगाने हिशेब केला तर हे अंतर भरते सुमारे एक फूट. तीन हजार मीटर धावून, पस्तीस वेळा उड्या मारून, शेवटी हातभरसुद्धा अंतर नाही!

त्या रात्री आपल्याकडे दोन प्रकारची माणसे होती. एक म्हणत होती, ‘शाब्बास, रौप्य!’ दुसरी म्हणत होती, ‘अरेरे, सोने हुकले!’ मी पहिल्या क्षणी दुसऱ्या प्रकारात होतो, हे कबूल करतो. दोन दिवसांनी आकडे घेऊन बसलो, तेव्हा माझे मत बदलले.

हरताना झालेले विक्रम

आकडे असे सांगत होते की, ८ मिनिटे ११.२० सेकंद हा भारताचा नवा राष्ट्रीय विक्रम होता. म्हणजे त्या दिवसापर्यंत अविनाश आयुष्यात इतका वेगाने कधीच धावला नव्हता. जिंकायचे राहिले त्याच शर्यतीत तो सर्वांत चांगला धावला.

मग पुढच्या वर्षी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. १ ऑक्टोबर २०२३ रोजी अविनाशने याच शर्यतीत सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय. सुरुवातीच्या फेऱ्यांतच तो इतरांपासून सुटला आणि पुढची शर्यत एकटाच धावला. मागे पाहिले तर कोणी नाही, पुढे तर प्रश्नच नाही. वेळ किती? ८ मिनिटे १९.५० सेकंद. स्पर्धेचा तो विक्रम ठरला खरा, पण बर्मिंगहॅमच्या रौप्यापेक्षा आठ सेकंदांहून अधिक संथ.

आणखी पाहा. मे २०२२ मध्ये अमेरिकेत ५००० मीटरच्या शर्यतीत तो बारावा आला. बारावा! परंतु वेळ होती १३ मिनिटे २५.६५ सेकंद आणि त्या वेळेने बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा, तीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो सहावा आला आणि स्टीपलचेसमध्ये प्रथमच ८ मिनिटे १० सेकंदांच्या आत, ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांत धावला. सहावा आला म्हणून वर्तमानपत्रात त्याला कितीसा कोपरा मिळणार? पण ती भारतीय स्टीपलचेसच्या इतिहासातली त्या दिवसापर्यंतची सर्वांत वेगवान धाव होती.

मी आकड्यांचा खेळ करून तुम्हाला फसवू इच्छित नाही. हांगझोऊला त्याला सोने हवे होते, विक्रम नव्हे. हवा, मैदान, डावपेच यांनीही वेळ बदलते. आणि २०१८ साली भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा सदतीस वर्षांचा विक्रम मोडला, तो देशातल्याच स्पर्धेत, केवळ घड्याळाशी झुंजून. ती तपश्चर्या मोठीच. तरीही २०१८ पासून २०२४ पर्यंत त्याने दहा वेळा राष्ट्रीय विक्रम केला, त्यांपैकी सहा वेळा परदेशात, आपल्याहून सरस धावपटूंच्या मागे धावताना, हे विसरता येत नाही. भुवनेश्वरची वेळ ८ मिनिटे २९.८० होती. पॅरिसपर्यंत जवळजवळ वीस सेकंद कमी झाले. पहिली आणि शेवटची वेळ शेजारी ठेवली, तर पॅरिसचा अविनाश भुवनेश्वरच्या अविनाशला सुमारे एकशे सतरा मीटर मागे टाकून गेला असता.

या वीस सेकंदांचे श्रेय कोणाला द्यायचे? घाम त्याचा, हे निर्विवाद. प्रशिक्षक, सैन्य, सरावाच्या सोयी यांचाही वाटा आहे. परंतु त्या सहा शर्यतींत त्याच्या पुढे धावणाऱ्या पाठींचाही वाटा आहे. किबीवॉट नसता, तर ८ मिनिटे ११.२० हा आकडा त्या दिवशी लिहिला गेला नसता. हाच किबीवॉट पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन गेला. म्हणजे आपला मुलगा कोणाच्या एक फूट मागे होता, ते कळावे.

हौद्यातला शब्द

आता तो कुस्तीतला शब्द. आपण म्हणतो, ‘जोड लावली’, ‘जोड तोलाची आहे’, ‘त्याला जोड मिळाली नाही’. जोड म्हणजे प्रतिस्पर्धी. पण हाच शब्द आपण बैलांसाठी वापरतो, चपलांसाठी वापरतो, संसारातल्या नवरा-बायकोसाठी वापरतो. ज्याच्याशी झुंजायचे आणि ज्याच्या साथीने चालायचे, त्या दोघांसाठी एकच शब्द. फड भरवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते की, पहिलवान एकट्याने घडत नाही. तालमीत हजार जोर मारा, दोन हजार बैठका काढा, अंगावर अंग पडल्याशिवाय डाव कळत नाही.

जुन्या हौद्यातली एक रीत आठवा. सलामी झाली की पहिलवान मूठभर माती घेऊन समोरच्याच्या अंगावर टाकतो. घामाने अंग निसटू नये, पकड नीट बसावी, हा त्यातला व्यवहार. पण पाहा, समोरचाही तुमच्या अंगावर माती टाकतो. दोघेही एकमेकांना धरायला जागा देतात आणि मग एकमेकांना पाडायला निघतात.

शाहू महाराजांनी हे पुरते ओळखले होते. त्यांनी नुसत्या तालमी बांधल्या नाहीत. उत्तरेकडील, पंजाबातील नामांकित मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणले, आश्रय दिला. खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले, तेव्हाची गाजलेली कुस्ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची होती. काही जणांना वाटले असेल, आपल्या पोरांची भाकरी बाहेरच्यांना कशाला? परंतु आपल्या मातीतला मल्ल मोठा करायचा तर त्याच्यासमोर मोठी जोड उभी केली पाहिजे, हा त्यामागचा विचार मला दिसतो. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली, ती बाहेरच्यांना दार बंद करून नव्हे.

प्रीजा आणि कविता

कोणी म्हणेल, अविनाशला जोड शोधायला परदेशी जावे लागले, आपल्याकडे ती कधी नव्हतीच का? होती. आणि ती दोन मुलींनी दाखवून दिली.

२१ नोव्हेंबर २०१०. चीनमधील ग्वांगझोऊ येथील आशियाई स्पर्धा, महिलांची १०,००० मीटर शर्यत. पंचवीस फेऱ्या. भारताच्या दोघी उतरल्या होत्या. केरळमधील इडुक्की जिल्ह्याची प्रीजा श्रीधरन आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्याची कविता राऊत. दोघी गरिबीतून आलेल्या. प्रीजाचे पितृछत्र लहानपणीच हरपले होते. कविता अनवाणी धावत मोठी झाली. दोघी राष्ट्रीय शिबिरात निकोलाय स्नेसारेव्ह या परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करत आणि देशातल्या स्पर्धांत एकमेकींच्या पुढे जाण्यासाठी झटत. त्याच्या दीड महिना आधी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच अंतराच्या शर्यतीत कविताने कांस्य घेतले होते. राष्ट्रकुलात धावण्याच्या शर्यतीत भारतीय महिलेचे ते पहिले वैयक्तिक पदक.

ग्वांगझोऊला पंचवीस फेऱ्यांनंतर काय झाले? प्रीजा ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद, सुवर्ण. कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद, रौप्य. मूळची इथिओपियाची, बहरीनकडून धावणारी शिताये एशेते ३१ मिनिटे ५३.२७ सेकंद, कांस्य. अर्ध्या तासाहून अधिक धावल्यावर तिघींमध्ये तीन सेकंदांचेही अंतर नव्हते आणि आपल्या दोघींत तर एका सेकंदाचेही नाही. प्रीजाची ती वेळ राष्ट्रीय विक्रम ठरली आणि अनेक वर्षे टिकली. कविताचीही ती आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. पाच दिवसांनी ५००० मीटरमध्ये याच दोघींनी रौप्य आणि कांस्य आणले, तिथेही मागे-पुढे, एका सेकंदाच्या आत.

तेव्हा महाराष्ट्रातल्या काही जणांना, त्यात मीही आलो, क्षणभर असे वाटले की आपली कविता पहिली यायला हवी होती. आज वाटते, तो विचार कोता होता. इडुक्कीची मुलगी सावरपाड्याच्या मुलीला ओढत होती आणि सावरपाड्याची इडुक्कीच्या मुलीला ढकलत होती. त्या दोघींपैकी एकटीच असती, तर एशेतेला मागे टाकण्याचे बळ आले असते का? मला शंका आहे.

मी पाडलेला मुलगा

बंधू-भगिनींनो, इथपर्यंत मी पत्रकार म्हणून बोललो. आता या गावचा मुलगा म्हणून थोडे बोलतो.

चाळीस वर्षांपूर्वी मी शाळेत धावत असे. फक्कीने आखलेले मैदान, दोनशे मीटरची फेरी, मास्तरांच्या हातात एकच घड्याळ. मला एक जोड होती. दूधगंगेकाठच्या एका खेड्यातला मुलगा. सकाळी डेअरीला दूध घालून सायकलवरून शाळेत येणारा. त्याचे नाव घेत नाही. आम्ही दोघे तीन हजार मीटर धावायचो. एकदा तो पुढे, एकदा मी. दर महिन्याला दोघांचीही वेळ उतरत होती.

जिल्ह्यासाठी निवड होती त्या दिवशी शेवटच्या वळणावर तो माझ्या बाहेरून पुढे निघाला. मी कोपर मारले. मुद्दाम मारले. तो पडला. गुडघा फुटला. पंचांनी पाहिले नाही. मी पहिला आलो. बक्षिसाचा स्टीलचा तांब्या आईने बरीच वर्षे देवघरात ठेवला होता. तिला हे मी कधी सांगितले नाही.

पुढच्या वर्षी तो धावायला आला नाही. वडिलांनी त्याला ऊसतोडीच्या हंगामात कामाला लावले होते. त्याच्या पडण्याचा आणि शाळा सुटण्याचा संबंध नसेलही. मी माझ्या मनाला तसेच समजावले. मी मात्र एकटा धावू लागलो आणि माझी वेळ वाढत गेली. पाच सेकंद, दहा सेकंद, मग वीस. मास्तरांनी घड्याळ खिशात घातले आणि म्हणाले, ‘‘जोड गेली रं तुझी. आता कुणाबरोबर पळणार?’’ दिवाळीनंतर मी मैदान सोडले.

मी त्या मुलाला पाडले, तेव्हा माझ्यातलाच धावणारा पाडला, हे कळायला मला फार वर्षे लागली. बर्मिंगहॅमची शर्यत पाहिली त्या रात्री मला झोप आली नाही, ती पाच शतांश सेकंदांमुळे नव्हे. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो एक फूट कमी करण्यासाठी अविनाशने आपल्या पायांवाचून दुसरे काही वापरले नाही. मला माझे कोपर आठवत होते.

आपण काय करायचे?

आपल्या घरांत मूल स्पर्धेहून आले की पहिला प्रश्न असतो, ‘कितवा आलास?’ परीक्षेचेही तेच. मग मूल शहाणे होते. जिथे पहिले येता येईल अशाच स्पर्धा शोधू लागते. पालकही साथ देतात. काही जण वयाचे खोटे दाखले काढतात, पंधरा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्यांत उतरवतात. घरात चषकांची रांग लागते आणि मूल आहे तिथेच राहते. माझी विनंती आहे की, आणखी दोन प्रश्न विचारा. ‘कोणाबरोबर धावलास?’ आणि ‘मागच्या वेळेपेक्षा किती पुढे गेलास?’ दहावा आला असेल, पण चांगल्यांत धावून स्वतःची वेळ उतरवली असेल, तर त्या दिवशी घरात गोड करा.

दुसरी गोष्ट, जो स्पर्धेतून गळतो त्याच्याकडे पाहा. घरच्या कामामुळे, पैशांमुळे, अंतरामुळे, लग्नामुळे जी मुले-मुली मैदान सोडतात, ती आपल्या मुलांच्या वाटेतून दूर होत नाहीत. आपल्या मुलांची जोड हरवते. शेजारच्या गरीब मुलाच्या पायात बूट घालणे हे दान मानू नका. तुमच्या मुलाच्या शिक्षणाचाच तो खर्च आहे.

अविनाशची कथा अजून संपलेली नाही. जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला, गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. असा माणूस परत उभा राहतो तेव्हा औषधे लागतात, व्यायाम लागतो आणि पुढे धावणारी कोणाची तरी पाठही लागते.

शेवटचे सांगून थांबतो. गेल्या वर्षी कागलच्या बाजारात तो मला भेटला. मी ज्याला पाडले तो. केस पांढरे, अंगाने अजून काटक. चहाच्या गाडीवर उभे राहून मी त्याची माफी मागितली. त्याने ऐकून घेतले. ‘असू दे’ म्हणाला नाही, आणि ‘विसरलो’ असेही म्हणाला नाही. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘माझी नात पळती आता. चौथीत हाय. रोज सकाळी बांधावरनं पळती. पर एकटीच पळती. जोड न्हाई तिला.’’

मंडळी, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, मी तिची जोड होऊ शकत नाही. पण इथे इतके आई-वडील, आजी-आजोबा बसले आहेत. येत्या रविवारपासून सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानावर मी घड्याळ घेऊन उभा राहणार आहे. तो आपल्या नातीला घेऊन येणार आहे. तुमच्या मुली पाठवा. ती त्यांना हरवील, किंवा त्या तिला हरवतील. दोन्ही चालेल.